ढळत्या सुराची तबकडी : ‘फेड्रा’ कसा ऐकावा

२० फेब्रुवारी १९७४ रोजी इंग्लंडमधल्या व्हर्जिन रेकॉर्ड्स या कंपनीने एक तबकडी बाजारात आणली. कंपनीच्या पहिल्यावहिल्या तबकडीला तेव्हा वर्षही झाले नव्हते. नव्या तबकडीचे नाव ‘फेड्रा’ आणि वादकमंडळीचे नाव ‘टँजरिन ड्रीम’. वादक तिघे, तिघेही पश्चिम बर्लिनचे. तबकडीवर शब्द नव्हते, गायक नव्हता, ड्रमचा संच नव्हता आणि ऐकून बाहेर पडल्यावर गुणगुणता येईल अशी चालही जवळजवळ नव्हती. रेडिओवर लावण्याजोगे तीन-चार मिनिटांचे गाणे नसतानाही ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत ती पंधराव्या क्रमांकापर्यंत पोहोचली. दुकानदारांनी ती रॉकच्या खणात ठेवली आणि आजही इलेक्ट्रॉनिक रॉकचा इतिहास सांगताना ‘फेड्रा’ला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

या संगीतावर त्या काळी एक आक्षेप हटकून घेतला जाई : बटणे दाबून यंत्राने वाजवायचे, तर त्यात वादक कुठे आहे? पन्नास वर्षांनी हा प्रश्न जुना तर झाला नाहीच, उलट अधिक टोकदार झाला आहे. आज आपल्या कानावर पडणाऱ्या संगीतातले बरेचसे यंत्रातून आलेले असते आणि ते वाजवणारे हात आपल्याला दिसत नाहीत. म्हणून या प्रश्नाचे उत्तर वादाने देण्याऐवजी कानाने शोधावे, असे मला वाटते. त्यासाठी ‘फेड्रा’इतकी सोयीची तबकडी दुसरी नाही. तिच्यात माणूस ऐकू येतो, आणि तो नेमका कुठे ऐकू येतो हेही दाखवता येते. यंत्राचा सूर जिथे ढळतो, तिथे तो ऐकू येतो. हे विधान पुराव्यानिशी मांडायचे, तर आधी माणसे, मग यंत्र आणि मग तबकडी असा क्रम घ्यावा लागेल.

गिटारवाला, ड्रमवाला, ऑर्गनवाला

टँजरिन ड्रीमची स्थापना एडगर फ्रोझेने १९६७ मध्ये केली. त्याचा जन्म १९४४ चा, पूर्व प्रशियातल्या तिल्झित गावचा. युद्धानंतर ते गाव सोव्हिएत संघात गेले. आज ते रशियात आहे. फ्रोझे पश्चिम बर्लिनमध्ये वाढला, चित्रकला आणि शिल्पकला शिकला आणि गिटार वाजवू लागला. ‘फेड्रा’च्या वेष्टनावरचे चित्रही त्याचेच आहे. दुसरा ख्रिस्तोफर फ्रांके, जन्म १९५३. हा मूळचा ड्रमवादक. ‘अजिटेशन फ्री’ या बर्लिनच्या मंडळीतून तो १९७१ मध्ये इकडे आला. तिसरा पेटर बाउमान, तोही १९५३ चा, ऑर्गन वाजवणारा.

या पिढीपुढची अडचण समजून घेतल्याशिवाय त्यांचे संगीत समजत नाही. आईवडिलांच्या पिढीच्या संगीतावर नाझी काळाची सावली होती. युद्धोत्तर काळात रेडिओवर चालणारी गोडगोड जर्मन गाणी त्यांना खोटी वाटत. राहिले इंग्रजी-अमेरिकी रॉक. ते त्यांना आवडे, पण ते त्यांचे नव्हते. त्यातून १९६१ पासून भिंतीने वेढलेले पश्चिम बर्लिन म्हणजे एक बेट. १९६८ मध्ये तिथे ‘झोडियाक’ नावाचा अड्डा सुरू झाला. तिथे वाद्य कसेही वाजवायला मुभा होती. थॉमस केसलर हा स्विस संगीतकार बर्लिनमध्ये एक स्टुडिओ चालवी आणि रॉक वाजवणाऱ्या तरुणांना इलेक्ट्रॉनिक ध्वनीचे धडे देई. फ्रांके त्याच्याकडेच शिकला. विद्यापीठीय प्रयोगशाळेतले संगीत आणि रॉकचा रांगडेपणा यांची गाठ अशा ठिकाणी पडली.

१९७० च्या पहिल्या आल्बममध्ये टँजरिन ड्रीमकडे गिटार, ड्रम आणि चेलो होते. पुढच्या तीन आल्बममध्ये एकेक ओळखीचे वाद्य मागे पडत गेले. ‘आटेम’ हा १९७३ चा आल्बम बीबीसीवरचे निवेदक जॉन पील यांनी त्या वर्षीचा आपला सर्वोत्तम आल्बम म्हणून निवडला, आणि याच सुमारास व्हर्जिनने या मंडळीशी करार केला.

‘फेड्रा’ला रॉक का म्हणायचे, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर फ्रांकेच्या हातात आहे. ड्रमवादकाने ड्रम सोडले, पण ड्रमवादकाचे काम सोडले नाही. रॉकमध्ये ड्रम आणि बास मिळून खालून जो सतत रेटा देतात, तोच रेटा फ्रांकेने यंत्रातून काढला. वाद्य बदलले, पण भूमिका तीच राहिली.

व्होल्टात मोजलेला सूर

हे यंत्र म्हणजे मूग सिंथेसायझर. कपाटासारखे उभे, समोर शेकडो खुंट्या आणि भोके, आणि त्या भोकांना एकमेकांशी जोडणाऱ्या वायरींचे जाळे. त्याचे तत्त्व मात्र साधे आहे. पेटीत सूर निघतो तो पितळी पात्यातून. इथे तो विजेच्या कंपनातून निघतो. कंपन किती वेगाने व्हावे हे विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, ठरवतो. मूगचा नियम असा : दाब एक व्होल्टने वाढवला की सूर बरोबर एक सप्तक वर जातो. सप्तकात बारा अर्धस्वर, म्हणजे एका अर्धस्वराच्या वाट्याला साधारण ८३ मिलिव्होल्ट येतात. दहा मिलिव्होल्टचा फरक पडला तर सूर अर्धस्वराच्या आठव्या हिश्श्याएवढा सरकतो. आकडा क्षुल्लक दिसतो, पण तयार कानाला तेवढा फरक खटकायला पुरतो.

अडचण पुढेच आहे. दाब एकेका व्होल्टने वाढतो, पण कंपनसंख्या दर सप्तकाला दुप्पट होत जाते. बेरजेचे हे असे गुणाकारात रूपांतर ट्रान्झिस्टर करतो आणि ट्रान्झिस्टरचा स्वभाव उष्णतेप्रमाणे बदलतो. यंत्र तापले, खोली तापली, की सूर हलला. तंतुवाद्य वाजवणाऱ्यांना हवा-पाण्याचा त्रास असतो. मूग वाजवणाऱ्याला स्वतःच्या वाद्याच्याच उष्णतेचा त्रास होता. शिवाय एकदा जमवलेला ध्वनी साठवून ठेवायची सोय नव्हती. रात्री वायरी काढल्या, खुंट्या फिरवल्या, की सकाळी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

फ्रांकेच्या मूगमध्ये आणखी एक भाग होता : सिक्वेन्सर. त्याच्या दर्शनी पाट्यावर आठ-आठ खुंट्यांच्या तीन ओळी असतात. यंत्र डावीकडून उजवीकडे एकेका खुंटीवर क्रमाने थांबते आणि त्या खुंटीवर जेवढा दाब लावला असेल तेवढा सूर काढते. आठवी खुंटी झाली की परत पहिली. आपल्या भाषेत सांगायचे तर आठ मात्रांचे आवर्तन, प्रत्येक मात्रेवर एक सूर, आणि तो सूर कुठला हे वादकाने हाताने खुंटी पिळून ठरवायचे. खुंटीला पायऱ्या नसतात. सारंगीवर सूर जसा बोटाने शोधावा लागतो, तसा इथे तो खुंटीवर कानाने शोधावा लागतो. हे सगळे यंत्र चालू असतानाही करता येते. आवर्तन फिरत असताना तिसरी खुंटी जरा पिळली की पुढच्या फेरीत तिसरा सूर बदललेला असतो. बाजूच्या पट्टीवरची एक कळ दाबली की सगळे आवर्तनच वरच्या किंवा खालच्या स्वरावर उचलले जाते. लयीची एक खुंटी वेगळी असते. ती फिरवली की अख्खा पट्टा पळू लागतो.

‘बटण दाबले की यंत्र वाजते’ या आक्षेपातली गफलत इथे लक्षात येते. यंत्र वाजते हे खरे, पण ते सतत सुराबाहेर जाऊ पाहते. त्याला सुरात ठेवणे, आणि ठेवता ठेवता त्याला वळण देणे, हेच त्याचे वादन.

अकरा दिवस, सहा मिनिटे

ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९७३ मध्ये झाले, ऑक्सफर्डशायरमधल्या शिप्टन-ऑन-चेरवेल गावातल्या ‘द मॅनर’ या स्टुडिओत. जुन्या हवेलीत थाटलेला हा व्हर्जिनचा स्वतःचा स्टुडिओ. माइक ओल्डफिल्डचा ‘ट्युब्युलर बेल्स’ इथेच मुद्रित झाला होता, आणि त्याच्या पैशावरच पुढे व्हर्जिनचा डोलारा उभा राहिला.

फ्रोझेने पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार काम सकाळी अकराला सुरू होई आणि मध्यरात्र उलटून दोनपर्यंत चाले. रोजचे काही तास मूग सुरात आणण्यातच जात. त्यातच टेपयंत्र बिघडले, ध्वनिमिश्रणाच्या टेबलात दोष निघाले आणि मूगच्या खोल खर्जाने स्पीकरही जायबंदी झाले. अकराव्या दिवशी हाती होते जेमतेम सहा मिनिटांचे संगीत.

शीर्षकतुकडा शेवटी आकाराला आला तो आयत्या वेळच्या वादनातून. त्यावर बासरी, बास गिटार आणि मेलोट्रॉन नंतर चढवले गेले. या तुकड्याच्या उत्तरार्धात सुरांमध्ये जे काही बदल होतात, त्यांतले काही आधी ठरवलेले नव्हते. वाजवता वाजवता यंत्र तापले, काही कंपक आपल्या जागेवरून सरकले आणि ते सरकणे टेपवर उतरले. दुसऱ्या कोणी ती टेप पुसून टाकली असती. या तिघांनी ती ठेवली. त्या स्टुडिओतले न वापरलेले बरेच तुकडे २०१९ मध्ये व्हर्जिनच्या काळातील संचात प्रसिद्ध झाले आहेत. ते ऐकले की निवड किती झाली असेल याचा अंदाज येतो. काय ठेवायचे आणि काय टाकायचे हा निर्णयसुद्धा वादनाचाच भाग आहे.

पहिली बाजू

आता तबकडी लावू. पहिल्या बाजूवर एकच तुकडा आहे, ‘फेड्रा’, सुमारे साडेसतरा मिनिटांचा. नाव ग्रीक पुराणकथेतले. थीसियस राजाची ही राणी सावत्र मुलाच्या प्रेमात पडते आणि सगळ्यांचाच सर्वनाश होतो. युरिपिडीसने या कथेवर नाटक लिहिले. पण तबकडीत कथा शोधू नये. नावाने एक अस्वस्थ रंग सुचवला आहे, तेवढेच त्याचे काम.

सुरुवातीला काही ठाम हाती लागत नाही. दुरून काहीतरी घोंगावत येते, चकाकणारे आवाज फिरतात, विरतात. लय नाही. आलापाच्या सुरुवातीला असते तशी ही जागा आहे, पण एक मोठा फरक आहे. आलापात षड्ज आधीच ठाम उभा असतो; इथे तो अजून ठरायचा आहे. मग तळातून एक खर्जाचा ठोका येतो, त्याच्यामागे दुसरा, आणि बघता बघता आवर्तन सुरू होते. हा फ्रांकेचा सिक्वेन्सर.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याचे लक्ष इथे हटकून चुकीच्या जागी जाते. तो वाट पाहतो की आता या ठेक्यावर कोणीतरी मुख्य चाल वाजवेल. ती येत नाही. तबल्याचा ठेका चालू आहे आणि गवई मात्र गप्प आहे, असे वाटू लागते. माझा सल्ला असा की इथे ठेक्यालाच गवई समजावे. सगळी घडामोड त्या खालच्या आवर्तनात आहे. एक सूर किंचित चढतो. एक मात्रा गळते. प्रतिध्वनीमुळे एका सुराचे दोन होतात आणि मधल्या मोकळ्या जागा भरतात. सगळे आवर्तन अचानक वेगळ्या स्वरावर जाऊन बसते आणि पायाखालची जमीन सरकल्यासारखे होते. लय हळूहळू वाढते. आपल्या द्रुत लयीसारखी ती टप्प्याने वाढत नाही. उतारावरून गाडी सुटावी तशी वाढते. समेची वाट पाहू नये, कारण सम नाही. आवर्तन आहे आणि सम नाही, ही गोष्ट आपल्या कानाला पचायला वेळ लागतो. पण एकदा पचली की कान आपोआप बारकाव्याकडे वळतो, कारण धरायला दुसरे काही उरतच नाही.

पुढे हे आवर्तन विस्कटते. विस्कटते हाच शब्द बरोबर, कारण ते संपत नाही. सुरांची एकमेकांशी असलेली नाती सैल होतात, खर्ज डगमगतो आणि सगळी चौकट धुक्यात उतरते. मग मेलोट्रॉनचे रुंद, थंड सूर येतात. मध्येच पक्ष्यांच्या थव्यासारखे काही ओरडते. अगदी शेवटी लांबवर खेळणाऱ्या मुलांसारखा कोलाहल ऐकू येतो. इतका वेळ माणसाच्या खुणा नसलेल्या प्रदेशातून आल्यावर हा आवाज अंगावर काटा आणतो. त्यात दिलासा आहे की ताटातूट, हे प्रत्येकाने ऐकून ठरवावे.

आठ सेकंदांचा श्वास

दुसऱ्या बाजूवर तीन तुकडे आहेत. त्यांतला पहिला, ‘मिस्टिरियस सेम्ब्लन्स ॲट द स्ट्रँड ऑफ नाइटमेअर्स’, सुमारे दहा मिनिटांचा. इथे सिक्वेन्सर नाही. मुख्य वाद्य मेलोट्रॉन, आणि ते फ्रोझे वाजवतो.

मेलोट्रॉन हे इंग्लंडमध्ये बनणारे विलक्षण वाद्य. बाहेरून पेटीसारख्या कळा. पण प्रत्येक कळेखाली चुंबकीय टेपची एक पट्टी असते आणि तिच्यावर व्हायोलिन, बासरी किंवा गायकवृंद यांचा तो-तो सूर आधीच मुद्रित केलेला असतो. कळ दाबली की पट्टी धावू लागते, सोडली की स्प्रिंगने मागे खेचली जाते. त्या काळच्या प्रचलित नमुन्यात अशा पस्तीस कळा होत्या. पट्टीची लांबी मोजकी, साधारण आठ सेकंदांची. तेवढ्या वेळानंतर कळ दाबून ठेवली तरी आवाज थांबतो.

एवढी माहिती मनात ठेवून हा तुकडा ऐकला की तो निराळाच भासतो. सूर लाटांसारखे येतात-जातात, हे कुणीही सांगेल. पण लाट तेवढ्याच लांबीची का, हे आता कळते. आठ सेकंद संपण्याच्या आत वादकाला पुढच्या सुरावर जावेच लागते. गवयाचा किंवा बासरीवाल्याचा दम संपतो तसा इथे टेपचा दम संपतो आणि वाक्यरचना त्या दमावर बेतावी लागते. त्यातही प्रत्येक पट्टी जराशी वेगळ्या वेगाने धावते, म्हणून एकत्र दाबलेल्या तीन कळांचे सूर एकमेकांशी काटेकोर जुळत नाहीत, ते थरथरतात. फ्रोझे वाजवत असताना त्याची पत्नी मोनिक आवाजाचा पोत बदलणाऱ्या उपकरणाची खुंटी फिरवत होती, असे त्यानेच सांगितले आहे. म्हणजे ज्याला यंत्रसंगीत म्हणून हिणवले गेले, त्यातल्या या तुकड्यात एका माणसाची दहा बोटे आणि दुसऱ्या माणसाचा एक हात आपल्याला सलग दहा मिनिटे ऐकू येत असतो.

‘मूव्हमेंट्स ऑफ अ व्हिजनरी’मध्ये टिपटिप आणि कुजबुजीतून पुन्हा सिक्वेन्सर उगवतो. तो पहिल्या बाजूपेक्षा हलका आणि चपळ आहे. इथे मात्र घडामोड कमी आहे. आठ मिनिटे मला थोडी लांबलेली वाटतात. शेवटचा ‘सिक्वेंट सी’ दोन मिनिटांच्या जेमतेम पुढे जातो : बाउमानची बासरी आणि तिचा टेपवरचा प्रतिध्वनी. एक फुंकर, तिच्यावर तिचीच सावली, आणि मग शांतता. सगळ्या विजेच्या खटाटोपाच्या शेवटी माणसाची फुंकर ठेवणे ही मांडणीतली सर्वात सुंदर गोष्ट आहे.

आपला कान आणि परकी तबकडी

इथवर आलाप, ठेका, सम असे शब्द मी वापरले ते तुलनेसाठी, उगमासाठी नव्हे. हा भेद ठळक करणे गरजेचे आहे, कारण असे काही ऐकले की ‘हे तर आपलेच’ म्हणण्याचा मोह आपल्याकडे लवकर होतो.

दुवे आहेत, पण ते बारीक आहेत. आवर्तनांवर उभे राहिलेले संगीत पाश्चात्त्य जगात रुजवणाऱ्यांत अमेरिकेचा टेरी रायली प्रमुख. बर्लिनच्या या मंडळींवर त्याची छाप होती, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. रायली १९७० पासून किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचा शिष्य झाला. प्राणनाथ हे अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. किराणा म्हटले की आपल्याला मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँसाहेब आठवतात आणि मिरज ते बर्लिन अशी रेघ ओढावीशी वाटते. पण रायलीची ‘इन सी’ ही रचना १९६४ ची, म्हणजे गुरुभेटीच्या सहा वर्षे आधीची. आवर्तनाची कल्पना त्याच्याकडे आधीपासून होती. रेघ ओढायचीच तर ती पुसट ओढावी.

दुसरा दुवा यंत्राचा आहे. फ्रांकेच्या हाती होते तशा जातीचे मूग यंत्र १९६९ मध्येच अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये आले होते. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने ते उभारून दिले आणि गीता साराभाईंसह काही भारतीयांनी त्यावर काम केले. त्या टेपा अनेक दशके कपाटात पडून होत्या. अलीकडे त्या उजेडात आल्या आहेत. तेव्हा असे यंत्र आपल्याकडे नव्हते म्हणून हे संगीत झाले नाही, असेही म्हणता येत नाही.

खरा संबंध उगमाचा नसून कानाच्या शिक्षणाचा आहे. सुराच्या जागेबद्दल आपल्या भागात कसून विचार झाला आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, त्यासाठी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत घेतली आणि साताऱ्याचे न्यायाधीश क्लेमंट्स यांच्यासह श्रुती दाखवणारी पेटी घडवण्याच्या मागे लागले. त्या पेटीने उभा केलेला प्रश्न आजही सुटलेला नाही : श्रुती ही ठिकाणी खिळलेली जागा आहे, की एका सुराकडून दुसऱ्या सुराकडे जातानाची वाट आहे? दरबारीतला आंदोलित गंधार ऐकणाऱ्याला दुसरे उत्तर जवळचे वाटते. ज्या कानाला तो गंधार कळतो, त्याला ‘फेड्रा’तला डगमगता खर्ज बेसूर वाटून सोडून द्यावासा वाटणार नाही. तो थांबून ऐकेल.

मात्र फरक विसरू नये. दरबारीचा गंधार गवई जाणूनबुजून झुलवतो. ‘फेड्रा’तला खर्ज आपोआप ढळला आणि वादकांनी त्याला उत्तर दिले. एकीकडे साधना आहे, दुसरीकडे प्रसंगावधान. दोन्हींना मनुष्य लागतो, पण ती एकच गोष्ट नव्हे.

स्थिर सुराच्या काळात

सुराचे हे ढळणे पुढे बरेचसे थांबले. १९८३ मध्ये वेगवेगळ्या यंत्रांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून मिडी हे मानक आले आणि त्याच वर्षी यामाहाचे डीएक्स-७ हे डिजिटल वाद्य बाजारात आले. सूर हलेनासा झाला, ध्वनी साठवता येऊ लागला, आणि तासन् तास जुळवाजुळव करण्याचे काम संपले. हे वाईट झाले असे कुणी म्हणणार नाही. कुठल्याही वादकाला विचारा, तो हायसे झाले म्हणेल. पण त्यासोबत एक गोष्ट गेली. जे यंत्र ढळत नाही त्याच्याकडे सतत कान लावून बसावे लागत नाही.

हे आपल्या घरातही घडले आहे. मिरजेच्या कारागिरांचा तंबोरा घ्या. त्याच्या तारा हवेने, मंचावरच्या दिव्यांनी सुरातून ढळतात, जवारीचा दोरा केसभर सरकवावा लागतो. मैफलीत गवई मध्येच थांबून खुंटी पिळतो आणि श्रोते ते निमूटपणे ऐकतात, कारण ते गाण्याचाच भाग आहे हे त्यांना ठाऊक असते. आज रियाजाच्या खोल्यांत इलेक्ट्रॉनिक तंबोरा आहे, आणि आता तर तो मोबाइलमध्येही आहे. तो उतरत नाही. स्वस्त आहे, सोयीचा आहे, एकट्याने शिकणाऱ्याला त्याने मोठा आधार दिला आहे. पण त्याच्यासोबत वाढलेल्या विद्यार्थ्याला तंबोरा जुळवायला बसवले, की सूर जुळला आहे की नाही हे ठरवण्याची जबाबदारी आपल्या कानावर असते, ही गोष्ट त्याला बऱ्याचदा नव्याने शिकावी लागते.

म्हणूनच ‘फेड्रा’ आज ऐकण्यासारखा आहे. त्याला ‘ध्यानाला लावायचे संगीत’ म्हणून पाठीमागे सोडून देऊ नये. तसे केले तर तो खरोखरच नुसता घोंगावणारा आवाज उरतो. चांगल्या हेडफोनवर किंवा दोन स्पीकरांमध्ये बसून, दुसरे काम न करता, पहिली बाजू सलग ऐकावी. पहिल्या खेपेला फक्त खर्जाच्या आवर्तनाचा पाठलाग करावा. दुसऱ्या खेपेला त्यातला एकच सूर धरावा आणि तो कुठे सरकतो ते पाहावे. तिसऱ्या खेपेला दुसऱ्या बाजूवरचे मेलोट्रॉनचे दम मोजावे. एवढे केले तर वादक कुठे आहे हा प्रश्न विचारावा लागत नाही. सूर सरकला, आणि पुढच्या काही क्षणांत कुणीतरी त्याला सावरले किंवा त्याच्यामागोमाग गेले, हे ऐकू येते. ते कुणीतरी म्हणजेच वादक.

यंत्रातून येणारे संगीत पुढे वाढतच जाणार आहे आणि त्यातले पुष्कळसे निर्दोष असणार आहे. त्यात माणूस आहे की नाही हे ओळखायला वेष्टनावरची नावे पुरेशी पडणार नाहीत. तिथे आपला कानच लागेल, आणि तो तयार करायचा तर सूर ढळू शकतो अशा वाद्यांच्या संगतीतच करावा लागेल. तंबोरा हे त्यातले एक. पन्नास वर्षांपूर्वी ऑक्सफर्डशायरच्या एका हवेलीत तापलेले मूग हे दुसरे.